पुरणातल्या खोबऱ्याचा उगम

गेल्या फाल्गुनात नातीनं तिच्या कॉलेजच्या प्रबंधाची संदर्भयादी मला वाचायला दिली. यादीत पहिलंच नाव माझं होतं. याद्या अक्षरक्रमानं लावतात, त्यामुळे पहिलं असण्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. पण तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आजोबा, हा माझा सगळ्यात जुना छापील सोर्स आहे. मॅडम म्हणाल्या, घरातच असा सोर्स मिळायला नशीब लागतं."

मी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि यादीतल्या दुसऱ्याच एका ओळीतली स्वल्पविरामाची चूक दाखवली.

नातीचा विषय होता बदलीच्या नोकरीमुळे कोलकात्यात आलेल्या मराठी घरांचं स्वयंपाकघर. ती इथेच जन्मली. तिच्या मराठीत बंगाली हेल आहे आणि भांडताना ती हिंदीत शिरते, पण या विषयासाठी तिनं वर्षभर मराठी घरांचे उंबरे झिजवले. न्यू टाउनमध्ये आमच्या आसपास आयटीतली नवी मराठी कुटुंबं आहेत, त्या सगळ्यांकडे ती जाऊन आली. कुणी काही सांगितलं की तिचा ठरलेला प्रश्न असायचा, "तुम्हाला कोणी सांगितलं?" जेवताना तिची आजी म्हणाली की कारल्यानं रक्त शुद्ध होतं, तर त्यावरही तेच. "सगळे सांगतात," असं आजी म्हणाली. "सगळे म्हणजे कोण? सगळ्यांना यादीत कसं घालू?"

मला तिचं फार कौतुक वाटायचं. आणि दर वेळी मी विषय बदलायचो. कारण तिच्या यादीतला माझ्या नावाचा लेख माझा नव्हता.

लेख होता आमच्या मंडळाच्या जुन्या स्मरणिकेतला. तेव्हा मी चाळिशीत होतो. एस्प्लनेडजवळच्या एका सरकारी कचेरीत नोकरी, राहायला कचेरीचे क्वार्टर, आणि मराठी चार ओळी नीट लिहिता येतात म्हणून स्मरणिकेचं संपादन गळ्यात. कविता भरपूर आल्या होत्या. अध्यक्षांचं मनोगत आलं होतं. कोलकात्यातल्या मराठी माणसांवर मात्र एक धड लेख नव्हता. माझे एक वरिष्ठ सहकारी आमच्याच इमारतीत राहायचे. ते म्हणाले, "आमच्या हिच्याकडे एक वही आहे बघ. हळदीकुंकवाला जाऊन आली की लिहीत बसते."

त्यांची पत्नी म्हणजे आमच्या वहिनी. त्यांनी वही वर्तमानपत्रात गुंडाळून यजमानांबरोबर पाठवली. सोबत चिठ्ठी होती: "बायकांची नावं छापू नयेत, त्यांनी विश्वासानं सांगितलं आहे. खुणा मात्र ठेवाव्यात."

ती वही वाचताना मी जेवण विसरलो होतो. क्वार्टरमधल्या बायका संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत एकमेकींकडे जमायच्या आणि वाण देता-घेता बोलायच्या. इथे आल्यावर पहिल्या दिवशी काय शिजवलं, काय मिळालं नाही, काय बिघडलं, हे सगळं. वहिनी घरी येऊन त्याच संध्याकाळी ते उतरवून काढायच्या. नाव लिहायच्या नाहीत. 'नागपूरची, तिसरा मजला', 'साताऱ्याची, कोपऱ्यातली' एवढंच. "इथल्या कचूच्या, म्हणजे अळूच्या पानांनी घसा खाजतो, चिंच दुप्पट घालावी." "मासळीच्या वासानं पहिले सहा महिने नाकाला पदर. आता इलिश स्वतः पारखून आणते. सासूबाईंना कळवलेलं नाही." आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी, समासात, एक अक्षर: पा, ऐ किंवा थ. खुलासा पहिल्याच पानावर होता. पा म्हणजे सांगणारीनं स्वतः पाहिलेलं किंवा केलेलं. ऐ म्हणजे तिनं दुसऱ्याकडून ऐकलेलं. थ म्हणजे थट्टेत सांगितलेलं.

या बाई मॅट्रिकच्या पुढे शिकलेल्या नव्हत्या. संशोधन कसं करतात हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मी पदवीधर होतो, आणि मला त्या खुणा बघून हसू आलं.

मी वहीवरून लेख तयार केला. भाषा भारदस्त केली, परिच्छेद जुळवले आणि खुणा काढून टाकल्या, कारण छापील लेखात समासात पा-ऐ-थ कसं दिसेल! बायकांची नावं छापू नका असं वहिनींनी सांगितलं होतं. त्या वाक्याचा मी असा अर्थ लावून घेतला की त्यांचंही नाव नको. हा अर्थ मला इतका सोयीचा होता की तो तपासायला दोन जिने चढून जावं असं मला वाटलं नाही. लेखाखाली माझं नाव पडलं. वही मी संदेश मिठाईच्या खोक्याबरोबर परत केली, तीही त्यांच्या यजमानांच्या हाती.

प्रकाशनाच्या कार्यक्रमात मी लेख वाचून दाखवला. शाल मिळाली. वहिनी तिसऱ्या रांगेत होत्या, त्यांनीही टाळ्या वाजवल्या. बाहेर पडताना म्हणाल्या, "छान वाचलंत, भावोजी."

पुढे लेखाला पाय फुटले. त्यातले उतारे दुसऱ्या स्मरणिकांत आले, कुणीतरी इंटरनेटवर चढवले, खाली माझं नाव. एकदा एका संशोधक बाईंचा फोन आला, त्यांना मी म्हणालो, "बरंच हिंडून माहिती जमवावी लागली हो." लेखाखाली नाव गेलं ते आळस आणि हाव यांच्या मिश्रणानं गेलं असेल म्हणून सोडून देता येईल. फोनवर बोललो ते सरळ खोटं होतं.

यादी दाखवल्यानंतर तीन दिवसांनी होळी होती. नातीनं आजीला सांगितलं, "आज मी करणार. आपल्या कोलकात्याच्या पद्धतीची पुरणपोळी." ही पद्धत माझ्या लेखातली. वाक्य असं आहे: "येथील मराठी गृहिणींनी शेजाऱ्यांच्या छोलार डाळीवरून पुरणात खोबऱ्याचे काप घालण्यास आरंभ केला." छोलार डाळ म्हणजे हरभऱ्याच्या डाळीची इथली आमटी, तिच्यात ओल्या खोबऱ्याचे तुकडे असतात. आमच्या मंडळात होळीला खरोखरच खोबरं घातलेली पुरणपोळी असते. नवी कुटुंबं ती आवडीनं खातात, करतात, आणि पुण्याला फोन करून सांगतात की ही इथली जुनी रीत आहे.

मी बाहेर पेपर वाचत होतो. आतून पहिली पोळी फाटल्याचा आवाज नाही आला, पण नातीचा आला. मग दुसऱ्या पोळीला. तिसऱ्या वेळी ती पिठाच्या हातानं बाहेर आली.

"आजोबा, काप घातले की पोळी लाटताच येत नाही. टोचून फाटते. मंडळात तर वाटून घालतात. तुम्ही काप लिहिलंय."

"तेव्हा घालत असतील."

"पोळी तेव्हाही फाटली असती ना? तुम्ही बघितलं होतं?"

"अगं, सगळ्यांना माहीत होतं तेव्हा."

"सगळे म्हणजे कोण?"

आतून आमच्या हिचा आवाज आला, "विचार, विचार."

नात समोर बसली. "आणि अजून एक. तुमच्या लेखातलं सगळं बोलणं हळदीकुंकवातलं आहे. सासूला सांगितलं नाही वगैरे. हे बायका तुमच्यासमोर बोलल्या?"

"पुरुषांना आम्ही चपला काढायच्या जागेपर्यंतसुद्धा येऊ द्यायचो नाही," आतून पुन्हा आवाज आला.

मी पेपरची घडी घातली. नातीला प्रबंध दोन आठवड्यांनी द्यायचा होता. एक पूर्ण प्रकरण माझ्या लेखावर उभं होतं. गप्प राहिलो असतो तर तिच्या यादीत माझं खोटं तिच्या सहीनिशी गेलं असतं, आणि ती मुलगी स्वल्पविरामसुद्धा खोटा ठेवत नव्हती. मी सांगितलं. वही, चिठ्ठी, खुणा, फोन, सगळं.

मग तिनं हाताला चिकटलेलं पीठ सावकाश खरडून काढलं. माझ्याकडे बघत नव्हती.

"मी मॅडमना सांगितलं होतं, माझे आजोबा घरोघर फिरले म्हणून."

"हो."

"त्या आजी आहेत अजून?"

"आहेत. हावड्याला, लेकीकडे."

"आणि वही?"

"माहीत नाही."

"उद्या जायचं," ती म्हणाली आणि आत गेली. उरलेल्या पोळ्या तिनं काप काढून लाटल्या. मला वाढायला ती आली नाही, आजी आली.

दुसऱ्या दिवशी धुळवडीचे रंग ओसरल्यावर, दुपारी, बसनं आम्ही एस्प्लनेडला उतरलो. तिथून मेट्रो आता नदीखालून थेट हावड्याला नेते. नात तिकडे वळली, पण मी म्हणालो, लाँचनं जाऊ. "उशीर करायचाय ना तुम्हाला?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. आदल्या दिवसापासून तिच्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. ती पहिल्यांदा किंचित हसली आणि घाटाकडे चालू लागली.

वहिनी गॅलरीत वाटाणे सोलत बसल्या होत्या. पंच्याऐंशीच्या पुढे असतील. केस अगदी पांढरे, नजर तशीच.

"या भावोजी. जिन्यानं आलात की लिफ्टनं?"

"लिफ्टनं."

"मग दम कशाचा लागलाय?"

मी बसलो आणि मनात घोळवलेलं सगळं विसरलो. "वहिनी, तो लेख. स्मरणिकेतला. तो तुमचा होता."

त्यांनी नातीकडे पाहिलं. "एवढं सांगायला नदी ओलांडून आणलंस होय यांना?"

"त्यांनीच आणलं मला," नात म्हणाली. अर्धं खरं होतं, पण तिनं ते माझ्या बाजूनं वापरलं. ते मला कळलं.

"वहिनी, मला माफ—"

"माफीचं नंतर बघू. आधी सांगा, खुणा का काढल्यात?"

नावाबद्दल विचारतील अशी माझी तयारी होती. "छापताना विचित्र दिसलं असतं," मी म्हणालो.

"विचित्र!" त्यांनी शेंग खाली ठेवली. "नावाचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? आठवडाभर आमच्या ह्यांच्याशी बोलले नाही, बिचाऱ्यांची काही चूक नसताना. पण खुणा? माझ्या सासूबाई म्हणायच्या, असं असतं. कोणी सांगितलं विचारलं की म्हणायच्या, सगळे सांगतात. त्या सगळ्यांच्या नादानं मी बाळंतपणात चाळीस दिवस ताक प्यायले नाही. तेव्हाच ठरवलं, आपण लिहिलं तर कोणी सांगितलं आणि कसं सांगितलं, ते लिहायचं. तुम्ही ऐकीव आणि पाहिलेलं एकाच परातीत कालवलंत. मग माझ्या वहीत आणि सासूबाईंच्या बोलण्यात फरक काय राहिला?"

नात डोळे मोठे करून ऐकत होती. "आजी, आमच्या मॅडम दोन सेमिस्टर हेच शिकवतायत."

"मग त्यांना सांग, हावड्यात एक बाई आहे, तिच्याकडून घेतलंय म्हणून लिहा."

वही होती. कपाटातून लेकीनं आणून दिली. तेच तपकिरी पुठ्ठ्याचं वेष्टण, कडा मऊ झालेल्या. नातीनं आधी हात धुतले, पुसले, मग वही उघडली. पहिलं पान तिनं मोठ्यानं वाचलं, अडखळत, कारण हस्ताक्षरातलं मराठी तिला जड जातं. मग ती पुरणाची नोंद शोधायला लागली आणि ती सापडल्यावर थांबली.

"सोलापूरची, पहिला मजला," तिनं वाचलं. "होळीला पुरण शिजवायला विसरले. शेजारणीनं वाटीभर छोलार डाळ दिली होती. तीच गूळ घालून वाटली, खोबऱ्याच्या कापांसकट. हे जेवून म्हणाले, अगदी आईच्या हातची चव. सगळ्या हसून लोळल्या." तिनं समासाकडे पाहिलं. "थ."

मग वहिनी हसायला लागल्या. पदर तोंडाला लावला तरी हसू थांबेना, लेक पाणी घेऊन धावली. "भावोजींनी थट्टा छापली! आरंभ केला म्हणे! अहो, आल्याची, जिऱ्याची आमटी ती, तिच्या पोळ्या होतात का?"

"पण मंडळात तर खरंच खोबरं घालतात," नात म्हणाली. "मी स्वतः खाल्लंय."

"घालणारच. पुढच्या होळीला आम्ही बायकांनी ठरवलं, ज्यांनी 'आरंभ केला' असं लिहिलंय त्यांच्या पानात तरी वाढूया. खोबरं वाटून घातलं, नाहीतर पोळी फाटते. यांच्या पानात दोन पोळ्या खोबऱ्याच्या. 'घ्या भावोजी, आपल्या जुन्या पद्धतीची.' दर वर्षी. आणि हे काय म्हणायचे माहीत आहे? 'वा, हीच ती चव!'"

मी खरंच तसं म्हणत असे. मला आठवत होतं.

"नव्या बायका आल्या, त्यांनी विचारलं, ही काय पद्धत? आम्ही म्हटलं, यांच्या लेखात वाचा. त्यांनी वाचलं. त्यांना चव आवडली. झाली रीत."

नातीनं कपाळाला हात लावला. मग तिनं झोळीतून कागद काढला आणि गॅलरीच्या फरशीवर मांडी घालून भराभर लिहायला लागली. प्रकरण कोसळलं म्हणून मी घाबरलो होतो. तिचा चेहरा मात्र गुप्तधन सापडल्यासारखा झाला होता. थट्टा कोणी केली, कोणी नोंदली, कोणी खूण पुसली, टोमणा कोणी वाढला आणि टोमण्याची रीत कशी झाली, हे सगळं तिला पायरीपायरीनं दिसत होतं, आणि प्रत्येक पायरीला सांगणारं माणूस जिवंत होतं. "आजी, तुमच्यासोबत पोळ्या करायला कोण कोण होतं?"

"बऱ्याच होत्या. वाढायला मात्र कायम एकच. तुझी आजी."

त्यानंतर दोन तास त्या दोघींनी काम केलं. मी वाटाणे सोलले. वहीला पानांचे आकडे नव्हते, नातीनं परवानगी मागून ते घातले. "पेन्सिलनंच हं," वहिनी म्हणाल्या. नातीनं विचारलं, वहीचं शीर्षक काय? "वहीला कशाला शीर्षक? वही ती." मग 'शीर्षक नाही' असं लिहिलं गेलं. साल? नोंदींवर महिने होते, सालं नव्हती. वहिनींनी बोटांवर लेकीचं वय मोजलं आणि एक साल सांगितलं.

"अंदाजे लिहू?"

"अंदाज असेल तर अंदाजच लिहावं."

प्रत्येक नोंदीपुढे नातीनं ती खूण जशीच्या तशी घेतली. मी आयुष्यभर कचेरीत फायली पाहिल्या, मोठमोठ्या अधिकाऱ्यांचे अहवाल पाहिले. एक पंच्याऐंशीच्या पुढची बाई आणि एक वीस वर्षांची मुलगी एका ओळीत कुणाचं म्हणणं कुणाच्या नावावर जातंय यासाठी जितकं जपत होत्या, तितकं मी कुठे पाहिलं नाही. एका नोंदीची खूण पुसट झाली होती. पा असेल की ऐ? वहिनींनी वही उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, "आठवत नाही. ही घेऊ नकोस." नोंद सुरेख होती, नातीला हवी होती. तिनं आपल्या कागदावरची ती ओळ खोडली.

निघताना मी पुन्हा माफी मागितली आणि म्हणालो, की मी हे सगळं लिहून छापणार आहे, तुमच्या नावासह.

"नको," वहिनी म्हणाल्या. "माझं नाव या मुलीच्या यादीत येऊ दे, तिथं माझं काम आहे. तुमच्या पश्चात्तापात माझं नाव कशाला? तिथं तुमचं काम आहे." मग दारापर्यंत आल्या. "पण लिहा. आणि भावोजी, छान लिहा."

परतीच्या लाँचवर नात रेलिंगला टेकून उभी होती. मी विचारलं, माझी ओळ यादीतून काढणार ना?

"नाही. लेख छापलाय, तो आहेच. काढला तर मी लपवल्यासारखं होईल. पण खाली टीप येणार."

"काय लिहिशील?"

तिनं कागद दिला. तिथल्या तिथे लिहिलेलं होतं: सदर लेख एका हस्तलिखित वहीवर आधारित आहे. लेखात वहीचा व तिच्या लेखिकेचा उल्लेख नाही. मूळ खुणा वगळल्यामुळे थट्टेची एक नोंद वस्तुस्थिती म्हणून छापली गेली. ही माहिती लेखकानं स्वतः दिली.

"शेवटचं वाक्य नसलं तरी चालेल," मी म्हणालो.

"कोणी सांगितलं ते लिहावं लागतं, आजोबा," ती म्हणाली. आणि आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच माझा हात धरून तिनं मला घाटाच्या फळीवरून उतरवलं.

घरी आल्यावर हिला विचारलं, दर होळीला खोबऱ्याच्या पोळ्या तू वाढत होतीस? "मग काय," ही म्हणाली. "वाटलं, चौथ्या-पाचव्या वर्षी तरी विचाराल, हे कुठून आलं म्हणून. विचारलंतच नाही कधी." नातीनं तेही लिहून घेतलं. संदर्भ: आजी, घरी, जेवताना. पुढे पा.

प्रबंध वेळेवर गेला. यादीत वहिनींचं पूर्ण नाव आहे, मी ते तपासलं आहे. इथे ते देत नाही, कारण तसं मला सांगितलं गेलं आहे. पण ज्यांच्याकडे ती जुनी स्मरणिका अजून असेल, त्यांना माझी विनंती आहे. माझ्या लेखाचं पान काढा. लेखाखालचं माझं नाव खोडा आणि तिथे 'एका वहीवरून' असं लिहा. खोबऱ्याच्या वाक्यापुढे समासात थ घाला. पेन्सिलनंच.